परमिट, गोळी आणि प्राणायाम: चिंतेवरच्या इलाजांची पार्श्वभूमी

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारू पिण्यासाठी परवाना सक्तीचा केला आणि तो मिळवायची एक वाट प्रकृतीच्या कारणाची ठेवली. आरोग्य टिकवण्यासाठी दारू लागते, असं सांगणारा हा कागद. 'परमिट रूम' हा शब्द मराठीत आला तो या परवान्यांच्याच काळात. जिवाची तगमग थांबावी म्हणून रात्री दोन पेग घेणारा माणूस सरकारदप्तरी रुग्ण होता आणि दारू त्याचं औषध. यावर विनोद पुष्कळ झाले. पण चिंतेवरच्या इलाजांचा माग काढताना हा कागद मला फार बोलका वाटतो. सवय कशाला म्हणायचं, आपलं आपण घेतलेलं औषध कुठलं आणि खरा उपचार कोणता, या रेषा आपल्याकडे सतत सरकत आल्या आहेत.

त्रास जुनाच आहे. घोर लागणं, जीव खालीवर होणं, धाकधूक, घालमेल, काळजाचं पाणी होणं: मराठीला शब्दांची कमी कधी नव्हती. चरकसंहितेच्या विमानस्थानात मनाच्या विकारांच्या यादीत शोक आणि भय यांच्यामध्ये 'चित्तोद्वेग' येतो. आधुनिक वैद्यकात मात्र चिंतारोगाला स्वतंत्र जागा मिळायला वेळ लागला. फ्रॉइडने १८९५ मध्ये त्याला 'मज्जातंतूंच्या अशक्तपणा'तून वेगळं काढलं. अचानक येणारे भीतीचे झटके आणि सततची काळजी यांची वेगळी निदानं अमेरिकन निदानपुस्तिकेत आली ती थेट १९८० साली. म्हणजे छातीत धडधडतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाचा ईसीजी चांगला आला की डॉक्टर म्हणायचे, 'काही नाही, टेन्शन घेऊ नका.' या 'काही नाही'चं करायचं काय, हे ज्याचं त्याने बघायचं.

औषधांच्या गोष्टीची सुरुवात मात्र आपल्याच मातीत होते. सर्पगंधेची मुळी बिहारकडे 'पागल की दवा' म्हणून विकली जायची. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेड आणि रक्तदाब या दोन्हींवरच्या तिच्या उपयोगाबद्दल लिहिलं. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ती देऊन पाहिली. १९४९ मध्ये त्यांचा निबंध ब्रिटिश हृदयविकार नियतकालिकात छापून आला आणि जगाचं लक्ष या झुडपाकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळं झालं, आणि दोन वर्षांत ते अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत पोचलं. बाजारातली मुळी डॉक्टरच्या चिठ्ठीवर चढली ती अशी. काही रुग्ण त्याने उदास होतात, हे मग ध्यानात आलं आणि तिचा बहर ओसरला.

कारण तोवर दुसरी गोळी आली होती. अमेरिकेत रॉश या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख यांनी बनवलेलं एक संयुग दीडदोन वर्षं फळीवर पडून होतं. १९५७ मध्ये टेबलं आवरताना ते चाचणीला गेलं आणि त्यातून १९६० मध्ये लिब्रियम, १९६३ मध्ये व्हॅलियम बाजारात आलं. त्याआधीची बार्बिच्युरेट्स ही गुंगीची औषधं जास्त झाली तर माणूस दगावायचा; ही गोळी त्या मानाने फार सुरक्षित ठरली. भारतात साठच्या दशकाच्या अखेरीस रॅनबॅक्सीने व्हॅलियममधलंच औषध, डायझेपाम, 'काम्पोज' नावाने आणलं, आणि हे नाव इतकं रुळलं की झोपेची कुठलीही गोळी म्हणजे काम्पोज झाली. लग्नघरातल्या धावपळीत, मयताच्या घरी, परीक्षेच्या आदल्या रात्री, अर्धी काम्पोज द्यायला कुणाला विचारावं लागत नसे. चिठ्ठीचं औषध घरच्या बटव्यात जाऊन बसलं.

ते का बसलं, याचं उत्तर गोळीच्या कामातच आहे. मेंदूत 'गाबा' नावाचं रसायन पेशींची उत्तेजना खाली आणतं. ही गोळी त्याचा जोर वाढवते, तोही अर्ध्यापाऊण तासात. दारूही बरीचशी त्याच वाटेने काम करते. म्हणून दोन्हींचा पहिला अनुभव 'हायसं वाटलं' असाच असतो. काही आठवड्यांत मेंदू सरावतो, तेवढ्याच गोळीने भागत नाही, आणि एकदम थांबवलं तर मूळची धडधड दुप्पट होऊन परतते. कधी फिटही येते. माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवाय माझं चालतच नाही. हा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत क्रूर भाग वाटतो: औषध सुटतानाचा त्रास हाच औषध हवं असल्याचा पुरावा होऊन बसतो. ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने १९८८ मध्ये सांगितलं की ही औषधं दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत. आपल्याकडे मात्र याच घराण्यातल्या अल्प्राझोलामची चलती झाली.

चांगल्या सवयींची वाट याच काळात उलट दिशेने चालली होती. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते योग क्ष-किरणांखाली आणि मोजपट्टीखाली धरायच्या हट्टाने. तिथले डॉ. विनेकर पुढे केईएमच्या मानसोपचार विभागातल्या डॉ. एन. एस. वाहिया आणि डॉ. डूंगाजी यांना मिळाले; तिघांचा निबंध १९६६ मध्ये ब्रिटिश मानसोपचार नियतकालिकात आला. १९७३ मध्ये वाहियांच्या गटाने पतंजलीवर आधारलेली पद्धत नेहमीच्या औषधांशी ताडून पाहिली, त्यात लिब्रियममधलं औषधही होतं. दुसऱ्या एका पाहणीत एका गटाला आसनं, प्राणायाम आणि मनाच्या एकाग्रतेचा पुढचा सराव, असं सगळं दिलं. दुसऱ्याला त्यासारखीच दिसणारी आसनं आणि श्वसन, पण एकाग्रतेचा भाग वगळून. पूर्ण पद्धतीचा गट पुढे गेला. गट लहान होते आणि आजच्या कसोट्यांना ते पुरे पडणार नाहीत. तरी सकाळी चालायला जा, प्राणायाम करा, असा सल्ला फुकट वाटणाऱ्या आजच्या मंडळींनी एक लक्षात घ्यावं: परळच्या त्या डॉक्टरांनी योग रुग्णालयात आणला तो उपचार म्हणून, रोजच्या ठरलेल्या वेळेला आणि देखरेखीखाली.

बोलून करायच्या उपचारालाही मराठीत बऱ्यापैकी लवकर घर मिळालं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली, अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मुंबईत बसून, एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून आत्मसात केली आणि मराठीत आणली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. एव्हाना नव्या गोळ्याही आल्या होत्या. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या या गोळ्यांची तशी सवय जडत नाही, पण गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून त्या बंद होतात आणि माणूस पुन्हा अर्ध्या तासात गुण देणाऱ्या गोळीकडे वळतो. तिथे मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही, कुणी ओळखीचं भेटेल ही भीती नाही. जुनी स्ट्रिप मेडिकलवाल्यापुढे धरली की झालं.

यावर सरकारने १ मार्च २०१४ पासून औषधविक्रीच्या नियमांत शेड्यूल एच-१ हे कडक परिशिष्ट लागू केलं. ४६ औषधांची यादी, त्यात अल्प्राझोलाम आणि डायझेपाम. लेबलवर लाल चौकट, आणि दुकानदाराने डॉक्टर, रुग्ण, मात्रा वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची. दुकानातली वाट अरुंद झाली. दवाखान्यातली रुंद झाली का? बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्यसंस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत चिंता-नैराश्यासारखे नेहमीचे मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना असल्याचं दिसलं. ती पाहणी १२ राज्यांत झाली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी मदतवाहिनी सुरू आहे. फोन आधी समुपदेशक घेतो, गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे देतो. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि रात्री दोनलाही फोन उचलला जातो. अर्धी गोळी शोधत माणूस ड्रॉवर उघडतो, ती वेळही साधारण तीच.