शिवणकामाचे प्राथमिक शिक्षण (ग्रामीण विदर्भ)

सुई-दोरा, कात्री व शिवणयंत्र वापरून कापड मापात कापणे, जोडणे आणि अंगावर बसेल असे करणे यांचे पहिले शिक्षण. विदर्भाच्या खेड्यांत ते मुख्यतः तीन ठिकाणी मिळते : घरातील वडीलधाऱ्या बाईकडे, गावातल्या ‘मशीन क्लास’मध्ये आणि तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत. शिंप्याच्या दुकानात काज-बटनापासून सुरुवात करून शिकण्याची जुनी वाटही पूर्णपणे बुजलेली नाही.

प्राचीनता : भारतात शिवलेले वस्त्र केव्हापासून वापरात आले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शिवलेला अंगरखा कुषाणांबरोबर किंवा त्याहूनही उशिरा, मुसलमानी राजवटीत आला आणि त्यापूर्वी सर्वत्र केवळ गुंडाळण्याचे वस्त्र होते, असे मत एके काळी प्रचलित होते. मथुरेजवळ सापडलेला कनिष्काचा शिरोहीन पुतळा, त्यावरील जाड झगा व पायातील बूट, हा या मताचा मुख्य आधार. परंतु सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर तांब्या-काशाच्या सुया मिळाल्या आहेत. ऋग्वेदात (२.३२.४) राका या देवतेला न तुटणाऱ्या सुईने शिवण्याची प्रार्थना आहे, आणि अमरकोशात विणकराशेजारीच सुईवर जगणाऱ्या कारागिराची स्वतंत्र नोंद आहे. सुई होती म्हणजे अंगाच्या मापाचा कपडा होता, असे मात्र यावरून निश्चित म्हणता येत नाही. सुईने फाटलेले सांधणे, कातडे जोडणे हीही कामे होत. हा आक्षेप रास्त असला, तरी शिवणकला पूर्णपणे बाहेरून आली हे मत आता मागे पडले आहे. शिवण्याचे ज्ञान जुने, शिवलेल्या कपड्याचा सार्वत्रिक वापर मात्र प्रदेशपरत्वे आणि उशिरा, ही भूमिका उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

विदर्भापुरता महत्त्वाचा पुरावा अजिंठ्याच्या चित्रांत आहे. तेथील १६ वे लेणे वाकाटकांच्या वत्सगुल्म (आजचे वाशीम) शाखेतील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने कोरविले. इतिहासकार वा. वि. मिराशी हरिषेणाचा काळ इ. स. सु. ४७५–५०० मानतात, अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक तो सु. ४६०–४७७ असा मागे नेतात. दोन्हींपैकी कोणताही धरला, तरी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागात शिवलेल्या कपड्याची ओळख होती, एवढे निःशंक म्हणता येते. चित्रांतील राजे-राण्यांच्या अंगावर प्रायः न शिवलेली वस्त्रे असून बाह्यांची चोळी आणि अंगरखे बहुतेक दासी, सेवक व परदेशी पुरुषांच्या अंगावर दिसतात. शिवलेल्या कपड्याला तेव्हा मान कमी होता की तो फक्त कामाचा वेश होता, याचा निर्णय चित्रांवरून होत नाही.

मध्ययुगीन गावगाड्यात शिंपी बारा बलुतेदारांत सहसा येत नाही, अलुतेदारांच्या काही याद्यांत येतो. वर्षभर शेतकऱ्याला ज्याची गरज पडते त्या कामांत शिवण नव्हते, असा याचा अर्थ लावता येईल. लुगडे आणि धोतर शिवावे लागत नव्हते. चोळी, कुंची, झबले-टोपडे आणि वाकळ (गोधडी) बाया घरीच हाताने शिवत.

यंत्राचे आगमन : शिवणयंत्राचा शोध एकट्या कोणाचा नाही. टॉमस सेंट (इंग्लंड, १७९०), बार्तेलेमी तिमोनिए (फ्रान्स, १८३०), एलायस हाव (अमेरिका, १८४६) आणि आयझॅक सिंगर (अमेरिका, १८५१) यांची एकस्वे (पेटंट) वेगवेगळ्या अंगांची आहेत. तिमोनिएचे यंत्र एकाच दोऱ्याचा साखळी टाका घाली. टोकाला नेढे असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा देणारा धोटा यांमुळे मिळणारा, आज सर्वत्र चालणारा दुहेरी टाका हावच्या एकस्वात आहे. वॉल्टर हंट याने तो सु. १८३४ मध्येच साधला होता, पण एकस्व घेतले नव्हते. पुढे याच मुद्द्यावर हाव-सिंगर वाद गाजला आणि १८५६ मध्ये उत्पादकांनी एकस्वे एकत्र करून तो मिटविला.

विदर्भात यंत्र नेमके केव्हा आले, हे तारखेने सांगण्यापेक्षा परिस्थितीवरून ठरविणे बरे. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ मध्ये आली, एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. गिरणीचे एकसारख्या पन्ह्याचे कापड आणि एकसारख्या पिळाचा दोरा यांशिवाय यंत्र नीट चालत नाही. म्हणून खेड्यांतील प्रसार विसाव्या शतकाचा मानणे सयुक्तिक ठरते. यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनी १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राचा उपयुक्त अपवाद म्हणून गौरव केला होता. वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये (हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या पद्धतीत) मात्र भर सूतकताई-विणकामावर राहिला, शिवणाला मुख्य स्थान मिळाले नाही. पायडलचे काळे यंत्र घराघरांत पोचले ते स्वातंत्र्योत्तर काळात, देशी बनावटीची यंत्रे स्वस्त झाल्यावर.

यंत्र व त्याची तयारी : नवशिक्यास पायडलचे साधे, सरळ टाक्याचे यंत्र पुरते. वीज केव्हाही जाते, हे एक कारण. पायाने वेग आवरता येतो, हे त्याहून मोठे. सुईच्या क्रमांकांत १४ म्हणजे ०·९० मिमी., १६ म्हणजे १·०० मिमी. आणि १८ म्हणजे १·१० मिमी. जाडी. सुती ब्लाउजपीस व परकराच्या कापडास १४, चादर व गणवेशाच्या पँटीस १६, वाकळीस १८ चालते. मलमल किंवा पातळ सिंथेटिकला ११ क्रमांकाची सुई लागते. सुईला एका बाजूने लांब खाच असते. दोरा ज्या बाजूने नेढ्यात शिरतो त्या बाजूला ही खाच यावी आणि सुई वर टेकेपर्यंत सरकवून स्क्रू आवळावा. सुई उलटी बसली किंवा थोडी खाली राहिली, तर शटलच्या (धोट्याच्या) टोकाला दोऱ्याचा फास सापडत नाही आणि टाके सुटतात.

वरचा दोरा ओवताना दाबपाय (प्रेशर फूट) वर उचललेला हवा. तो वर असताना ताणाच्या चकत्या उघड्या राहतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो; पाय खाली ठेवून ओवल्यास दोरा चकत्यांवरून नुसता घसरतो. शिवताना मात्र पाय खाली हवाच. खालचा ताण तपासण्याची रीत सोपी आहे : बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) भरलेली डबी दोऱ्याला धरून लोंबती सोडावी. ती आपोआप घसरू नये, हलका झटका दिल्यावर इंच-दोन इंच उतरावी. डबीवरचा स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये.

तेल शिवणयंत्राचेच, प्रत्येक भोकात एक-दोन थेंब. घरातले जवसाचे तेल घालण्याची चूक या भागात विशेष आढळते. जवसाचे तेल हवेत सुकून चिकट पापुद्रा धरते (रंग-रोगणात ते याच गुणासाठी वापरतात) आणि यंत्र जाम होते. कापूस भाव येईपर्यंत घरातच साठवलेला असतो. त्याचे तंतू कापड पुढे सरकविणाऱ्या दातांखाली आणि शटलच्या खोबणीत बसतात. अशा घरात आठवड्यातून एकदा सुईखालचा पत्रा काढून ब्रशाने सफाई करावी लागते. पावसाळ्यात यंत्र झाकून ठेवले, तरी सुई काढून तेलकट चिंधीत गुंडाळलेली बरी.

हात बसविणे : शिकविण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत पहिल्या दिवसापासून कागदावर ब्लाउजचे कटिंग शिकवितात. क्लासची फी देणाऱ्यांना तेच हवे असते. दुसरीत आधी हातटाके आणि यंत्रावरची सरळ टीप होते, कात्री नंतर. पहिल्या पद्धतीत वही लवकर भरते. पण अर्ध्यावर सोडलेल्या ब्लाउजांत दोष बहुधा कटिंगचा नसून वाकड्या टिपेचा असतो.

यंत्रावर पहिले काम बिनदोऱ्याचे. पट्टा काढून नुसते पायडल मारावे. दोन्ही पाय पूर्ण टेकवून, एक किंचित पुढे ठेवल्यास चाक एकाच दिशेने फिरत राहते. नंतर पट्टा चढवून आखीव वहीचे पान सुईखाली धरावे आणि रेघेवर छिद्रे पाडीत जावे. पुढे चौकोन, मग गोल. कोपऱ्यावर सुई कापडात रोवलेली ठेवून दाबपाय उचलावा, कापड वळवावे, दाबपाय टेकवावा. कागदावर सुई बोथट होते, म्हणून ही सुई वेगळी ठेवतात. हातचाक नेहमी स्वतःकडे फिरवावे. नजर सुईवर न ठेवता दाबपायाच्या कडेवर ठेवली की टीप सरळ येते. ही युक्ती शिकविणाऱ्या बऱ्याच जणी सांगायला विसरतात.

टाक्याची लांबी साधारण २·५ मिमी. (इंचात १० टाके) ठेवावी. सुरुवातीला दोन्ही दोरे चार इंच मागे ओढून धरले नाहीत, तर पहिल्याच टाक्याला खाली गुंता होतो.

हातटाक्यांपैकी कच्च्या शिलाईसाठी धावदोरा, मजबुतीसाठी उलटी टीप, कडेसाठी तुरपाई आणि काजासाठी काजटाका एवढे आधी येणे पुरेसे आहे. दोरा हाताच्या लांबीहून मोठा घेतल्यास त्याला पीळ पडून गाठी होतात.

पहिले कपडे : थैली, उशीची खोळ आणि परकर हा रूढ क्रम आहे. यांपैकी परकरात कापडाची दिशा प्रथमच समजते, म्हणून तो येथे तपशिलाने दिला आहे. कोरे सुती कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून सुकवावे. खळ निघते आणि मीटरमागे तीन ते पाच सेंमी. आटते. न भिजविता शिवलेला परकर पहिल्या धुण्यातच घोट्याच्या वर चढतो.

चार कळ्यांचा (तिरक्या कापलेल्या तुकड्यांचा) परकर, नितंबाचे माप ३६ इंच : ३६ इंच पन्ह्याचे सव्वादोन मीटर कापड पुरते. त्यातून ३८ इंच लांबीचे दोन तुकडे आणि नेफ्यासाठी ४ इंच रुंदीची पट्टी काढावी. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या कडेवर एका काठापासून १० इंचांवर आणि खालच्या कडेवर त्याच काठापासून २६ इंचांवर खूण करून दोन्ही खुणा तिरक्या रेषेने जोडाव्यात व त्या रेषेवर कापावे. अशा दोन कळ्या मिळतात, दोन्ही वर १० व खाली २६ इंच. त्यांतली एक उलटी फिरवावी लागते. कापडावर एकाच दिशेची फुले असतील, तर निम्म्या कळ्यांवर ती उलटी येतात, म्हणून असे छापील कापड या कामाला घेऊ नये. प्रत्येक कळीला दोन्हीकडे अर्धा इंच माया (शिवणीसाठी सोडलेले जास्तीचे कापड) धरता वरचा घेर ३६ आणि खालचा १०० इंच भरतो.

आता नेहमी चुकणारी जागा. कळीची एक बाजू काठाची, उभ्या धाग्यातली, ३८ इंच. दुसरी तिरकी, सुमारे ४१ इंच. शिवताना एका कळीची काठाची बाजू दुसरीच्या तिरक्या बाजूला लावावी. दोन तिरक्या बाजू एकमेकींना जोडल्या तर शिवण ताणून लांबते आणि तिथेच लोंबते. जोड वरून खाली घालीत यावा. खाली तीनेक इंच जास्तीचे टोक उरते, ते घेर गोल करताना कापून टाकावे. खालून सुरुवात केल्यास हा फरक वर, कमरेत येतो आणि नेफा बसत नाही. एका जोडात वरून आठ इंच टीप न मारता चीर ठेवावी. नेफ्याची पट्टी दोन्ही कडांनी अर्धा इंच दुमडून दुहेरी केली की दीड इंचाची होते. खालची कड अर्धा व एक इंच अशी दोनदा मोडून शिवावी. तयार लांबी साडेसदतीस इंच येते.

ब्लाउजची मापपद्धत शिक्षकागणिक बदलते. मुंढ्याची (बाही जोडण्याच्या जागेची) खोली कोणी छातीच्या प्रमाणात काढतात, कोणी प्रत्यक्ष टेपने. नवशिक्याने अंगात नीट बसणारा जुना ब्लाउज उसवून त्यावरून कागद कापावा आणि बगलेला किमान एक इंच माया ठेवावी, म्हणजे चुकले तरी सोडता येते.

सामान्य दोष : कापडाखाली दोऱ्याची जाळी दिसली की नवशिका बॉबिनला दोष देतो. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो : तो चकत्यांत बसलेला नसतो किंवा दाबपाय उचललेलाच राहिलेला असतो. उलट, खालचा दोरा वर ओढला जात असल्यास वरचा ताण जास्त आहे. सुई तुटते ती मागून कापड ओढल्यामुळे. ती वाकते आणि पत्र्यावर आपटते. कापड ओढण्याचे काम दातांचे आहे, हाताने फक्त दिशा द्यायची. दोरा वारंवार तुटत असल्यास चाक मध्येच उलटे जाते का ते प्रथम पाहावे, नंतर पत्र्याच्या भोकाची कड खरखरीत झाली आहे का ते. पातळ कापडाला चुण्या पडत असतील, तर टाका लहान व ताण सैल करावा.

वर्ग व संस्था : गावातले क्लास दुपारी भरतात, आणि कापूसवेचणीच्या महिन्यांत त्यांची हजेरी घटते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिवणविषयक अभ्यासक्रम एक वर्षाचे आहेत. बचत गटांच्या माध्यमातून ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) व ‘उमेद’ (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांची प्रशिक्षणे होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकाम असून अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळते. ही योजना मुख्यतः आधीपासून व्यवसायात असलेल्यांसाठी आहे, नव्याने शिकणारीसाठी नव्हे. यवतमाळ-वाशीम भागातील बंजारा स्त्रियांचे आरसे-टाक्यांचे काम वेगळ्या परंपरेचे असल्याने येथे घेतलेले नाही.