खासगी आणि दौलत : इंदूरमधील दानधर्म व सरकारी मदत

‘खासगी’ आणि ‘दौलत’ हे होळकरशाहीच्या जमाखर्चातले दोन शब्द. दौलत म्हणजे राज्याचा खजिना; फौज, कारभार, मोहिमा यांचा खर्च त्यातून चाले. खासगी म्हणजे होळकर घराण्यातल्या राणीच्या नावची वेगळी जहागीर आणि तिचे उत्पन्न. दुष्काळात, मंदीत, गिरणी बंद पडल्यावर गरिबाच्या चुलीची जबाबदारी दानशूर माणसाची की सरकारची, हा वाद जगभर चालतो. इंदुरात त्याला अडीच-पावणेतीनशे वर्षांचा जमाखर्च आहे, म्हणून ही नोंद त्या दोन शब्दांपासून सुरू होते.

पहिल्या बाजीरावाने १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगीची जहागीर दिली. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरहून राज्य करताना त्यांनी दोन्ही हिशेब वेगळे ठेवले. काशी विश्वनाथाचे मंदिर (१७८०), देशभरचे घाट, धर्मशाळा, विहिरी, अन्नछत्रे हा सारा खर्च खासगीचा. राघोबादादांची नजर खजिन्यावर गेली तेव्हा बाईंनी त्यावर तुळशीपत्र ठेवून तो धर्मकार्याला सोडला, अशी आख्यायिका माळव्यात सांगतात. म्हणजे ‘तुळशीपत्र ठेवणे’ हा वाक्प्रचार इथे अक्षरशः घडला. अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांनी जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने माळव्यातल्या लोकांकडून ऐकलेल्या गोष्टी टिपून ठेवल्या. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंना पाणी द्यायला माणसे बसवलेली असत, थंडीच्या तोंडावर गरिबांना कपडे मिळत आणि पाखरांनी दाणे टिपावेत म्हणून उभे शेत विकत घेतले जाई.

मात्र ही खासगी कितपत खासगी होती, हे विचारायला हवे. उत्पन्न यायचे ते जहागिरीतल्या गावांच्या शेतसाऱ्यातून. पैसा कुणब्याचा, पुण्य राणीचे, आणि घाट काशीला. अहिल्याबाईंच्या चोख हिशेबाबद्दल दुमत नाही. पण त्यांचे उदाहरण देऊन ‘पूर्वी सरकारवाचून सगळे भागत होते’ असे म्हणणारे हा शेतसारा विसरतात. दौलतीकडूनही मदत व्हायची, पण तिचे रूप निराळे असे. मध्ययुगीन व नंतरच्या संस्थानी राज्यांत पीक बुडाले की साऱ्यात सूट किंवा तहकुबी (वसुली पुढे ढकलणे) आणि बी-बैलांसाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, हे नेहमीचे उपाय होते. तहकुबीसाठी कोणी शिलालेख कोरत नाही, त्यामुळे ती लोकांच्या आठवणीत राहिली नाही.

या दानाचे सर्वांत टिकाऊ रूप म्हणजे सदावर्त. अन्नछत्रात शिजवलेले अन्न पंगतीत वाढतात. सदावर्तात कोरडा शिधा देतात. पीठ, डाळ, मीठ, थोडे तूप, कधी सरपणही. घेणाऱ्याने तीन दगडांची चूल मांडून आपले आपण रांधावे. ही पद्धत सोयीची होती, तशी सोवळ्याचीही होती. दुसऱ्याच्या हातचे न खाणाऱ्याला कोरडा शिधा चालतो. पंगतीत कोणी कुठे बसायचे आणि कोणी बसायचेच नाही, हे जातीवर ठरे. मराठी घरांतला ‘वार’ हा याचाच घरगुती अवतार. गरीब विद्यार्थी सात घरी सात वार लावून जेवायचा आणि शिकायचा. यात आपुलकी होती, तशी लाचारीही होती. यजमानाची नोकरी गेली की त्या घरचा मंगळवार बंद व्हायचा आणि त्या दिवशी पोराला उपास घडायचा. दाता आणि याचक एकाच वाईट वर्षात सापडतात, ही खासगी दानाची मूळ अडचण या मंगळवारात पुरती दिसते.

विसाव्या शतकात दात्याची जागा गिरणीमालकांनी घेतली. सर हुकुमचंद (१८७४–१९५९) हे कापसाचे राजे म्हणून ओळखले जात. काच मंदिर, धर्मशाळा, दवाखाने ही त्यांची दाने. मालवा मिल, हुकुमचंद मिल, स्वदेशी, राजकुमार, कल्याणमल, भंडारी अशा गिरण्यांवर परदेशीपुरा, पाटणीपुरा या वस्त्या जगल्या. कामगारांत उत्तरेकडचे होते, तसे महाराष्ट्रातून आलेलेही होते. कापडाला भाव असला की मालकाचा हात सैल आणि कामगाराचा बोनस भक्कम. भाव पडला की दोघांचीही ओढाताण, फक्त मालकाची माडी शाबूत राही. कंपन्यांच्या सामाजिक खर्चाचा आजचा कायदाही या चक्रातून सुटत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला लावली. नफा घटला की दोन-तीन वर्षांत तो ओघही आटतो.

सरकारला इथे एक सोय आहे, ती म्हणजे कर्ज काढण्याची. २०२०-२१ मध्ये राज्यांची कर्जमर्यादा राज्याच्या सकल उत्पादनाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत वाढवली गेली, वाढीचा काही भाग अटींवर. कोणताही शेठ वाईट वर्षात असे करू शकत नाही.

पण सरकारी पैसा पोचतो कधी, याचे उत्तर हुकुमचंद मिलने दिले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली आणि अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या प्रक्रियेत, गेली. कामगारांची थकबाकी कायद्याने मान्य होती. दान किंवा मेहेरबानी नव्हे, घामाचा पैसा. तरी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला २५ डिसेंबर २०२३ ला, तोही गिरणीच्या जमिनीचा तोडगा गृहनिर्माण मंडळामार्फत निघाल्यावर. लाभार्थी सुमारे ४,८०० कामगार. कित्येकांच्या वतीने विधवा आणि मुले रांगेत उभी होती. मधल्या तीस वर्षांत ही घरे कोणी चालवली? कोणी हातगाडी लावली, कोणी पहारेकरी झाला, बायकांनी पापड लाटले आणि कोपऱ्यावरच्या किराणेवाल्याने वहीत उधारी लिहून ठेवली. ही उधारीची वही दानधर्माच्या कोणत्याही यादीत येत नाही, पण मंदीत पहिली मदत तिचीच असते.

दान आणि सरकारी मदत यांच्या मधली तिसरी जात म्हणजे विमा. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कामगार राज्य विम्यात कामगार ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के वर्गणी भरतो (जुलै २०१९ पासूनचे दर). नंदानगरचा ‘बीमा अस्पताल’ त्यातून चालतो. त्याच्या दारात कोणी याचक म्हणून उभा राहत नाही, कारण पगारातून पैसे कापलेले असतात. रोजंदारीवरचा माणूस मात्र यात नाही, आणि ग्रामीण रोजगार हमीचे कामही शहरात मिळत नाही. मंदीत सर्वांत आधी पडतो तो नेमका हाच.

त्याच्यासाठी असते ‘कंट्रोल’. इंदुरात रेशन दुकानाला अजून हेच नाव आहे, मराठी घरांतही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना ५ किलो धान्य, अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबाला ३५ किलो. यातली खरी खुबी ‘किलो’ या शब्दात आहे. महागाई वाढली तरी पाच किलो पाचच राहतात. सदावर्ताचा शिधाही असाच मापाने मोजला जाई. रुपयांत दिलेला शब्द मात्र झिजतो. १९४८ मध्ये होळकर संस्थान ‘मध्य भारत’ या नव्या राज्यात विलीन झाले, तेव्हा खासगीचे उत्पन्न सरकारजमा करून त्या बदल्यात धर्मादायासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे बाजूला काढायचे ठरले. तेव्हा ती रक्कम मोठी होती. आता तेवढ्यात एखाद्या जुन्या घाटाच्या चार पायऱ्या दुरुस्त झाल्या तरी पुष्कळ.

एप्रिल-मे २०२० मध्ये दोन्ही व्यवस्थांची परीक्षा एकाच रस्त्यावर झाली. मुंबई-आग्रा महामार्ग इंदूरला वळसा घालून जातो. महाराष्ट्रातून उत्तरेकडे पायी निघालेल्या मजुरांना बायपासवर लोकांनी पुऱ्या-भाजी, पाणी, ताक आणि चपला दिल्या. चपला द्याव्यात हे कोणत्याही शासन निर्णयात सुचले नसते. सोललेले तळवे समोर दिसले म्हणून सुचले. सरकारचे जादा ५ किलो मोफत धान्य मार्च २०२० च्या अखेरीस जाहीर झाले आणि मधला काही महिन्यांचा खंड सोडता डिसेंबर २०२२ पर्यंत चालले. बायपासवरच्या पुऱ्या मजुरांची रीघ संपताच थांबल्या. पण त्या मजुराचे रेशनकार्ड गावी होते, त्यामुळे त्या आठवड्यात त्याला पुरीच उपयोगाची होती.

खासगीचा हिशेब अजून मिटलेला नाही. १९६२ मध्ये तिच्या मालमत्तांसाठी न्यास स्थापन झाला. त्यातल्या काही मालमत्ता विकल्या गेल्याचा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२२ च्या निकालानुसार हा सार्वजनिक न्यास ठरला आणि त्याला मध्य प्रदेशच्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी करणे भाग पडले.