१३७ किलोहर्ट्झवर स्थिर ऑसिलेटरचा एवढा आग्रह का, त्याची पार्श्वभूमी

१३७ किलोहर्ट्झवर, म्हणजे लाँग वेव्हमधल्या हौशी बँडवर, उतरायचं ठरवलेला नवीन हॅम (हौशी रेडिओवाला) आधी पॉवर किती आणि अँटेना केवढी ते विचारतो, जुनी मंडळी मात्र त्याला पहिलं विचारतात की ऑसिलेटर, म्हणजे फ्रिक्वेन्सी तयार करणारं सर्किट, कुठला वापरतोयस. माझ्या मते त्यांचंच बरोबर आहे, पण ते का बरोबर आहे हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

लांब पल्ल्याचा रेडिओ सुरू झाला तोच लाँग वेव्हवर, तेव्हा स्पार्क ट्रान्समीटरचा (ठिणगीवर चालणाऱ्याचा) सिग्नल इतका पसरट असायचा की नेमकी फ्रिक्वेन्सी कुठली हा प्रश्नच फारसा नव्हता. मग अलेक्झांडरसन अल्टरनेटर आला, रेडिओ फ्रिक्वेन्सीची वीज थेट बनवणारं फिरतं जनित्र. स्वीडनमधल्या ग्रिमेटनचं १९२४ सालचं असं मशीन अजून चालतं, १७.२ किलोहर्ट्झवर, आणि त्यात ऑसिलेटर नावाचा भागच नाही, रोटर किती वेगाने फिरतो तीच फ्रिक्वेन्सी. म्हणजे मोर्सची कळ (की) दाबली की लोड वाढणार, लोड वाढला की वेग पडणार, वेग पडला की फ्रिक्वेन्सी घसरणार, त्यामुळे खरी कसोटी मोटरचा वेग सांभाळण्यात होती. लोडमुळे फ्रिक्वेन्सी हलते ही अडचण तेव्हापासूनची आहे आणि आजच्या छोट्या ट्रान्समीटरलाही चुकलेली नाही.

हॅम लोक या पट्ट्यात त्या काळात फारसे राहिलेच नाहीत. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने त्यांना २०० मीटर आणि त्याखालच्या वेव्हलेंथवर पाठवलं, आणि पुढे ऑसिलेटरची जी प्रगती हॅम लोकांच्या हाती आली ती सगळी वरच्या फ्रिक्वेन्सीची. व्हॅक्यूम ट्यूबचे फीडबॅक ऑसिलेटर १९१३ च्या सुमारास सुरू झाले, मग हार्टली, कोलपिट्स वगैरे सर्किटं, १९२१ मध्ये वॉल्टर केडीने क्वार्ट्झ क्रिस्टलवर ऑसिलेटर चालवला, पियर्सने तो सोपा केला, आणि १९३४ मध्ये एटी कट (क्रिस्टल कापायची एक पद्धत) आला, जो खोलीच्या तापमानाच्या आसपास फारच कमी सरकतो. पण एटी कटमध्ये फ्रिक्वेन्सी जाडीवर ठरते, १ मेगाहर्ट्झला साधारण १.६६ मिलिमीटर, म्हणजे १३७ किलोहर्ट्झला १२ मिलिमीटरची लादी लागेल! लो फ्रिक्वेन्सीचे क्रिस्टल वेगळ्या कटचे आणि आकाराचे असतात, बहुतेक तापमानाला जास्त हळवे. घड्याळातला ३२.७६८ किलोहर्ट्झवाला ट्यूनिंग फोर्क बघा, २५ अंशांपासून १० अंश इकडेतिकडे झाला की सुमारे ३.४ पीपीएम (दहा लाखात ३.४ भाग) खाली येतो.

म्हणून १९९६ मध्ये ब्रिटनने ७३ किलोहर्ट्झ प्रायोगिक म्हणून उघडला आणि मग युरोपात १३५.७ ते १३७.८ मिळायला लागला तेव्हा सरळ मार्ग होता तो वरचा क्रिस्टल घेऊन भागायचा. ८.७८ मेगाहर्ट्झला ६४ ने भागलं की १३७.१९ किलोहर्ट्झ. पीपीएम तेवढेच राहतात पण हर्ट्झमधली चूक ६४ पट कमी होते, फेज नॉइज (सिग्नलची बारीक थरथर) कमी होतो, शिवाय फायनल स्टेजचा (शेवटच्या पॉवर अँप्लिफायरचा) जोरदार सिग्नल ऑसिलेटरच्या फ्रिक्वेन्सीवर नसल्यामुळे तो परत आत शिरून ऑसिलेटर ओढत नाही. याच्या उलट दोन क्रिस्टल मिक्स करून फरक काढायची आयडिया दिसायला छान आहे, पण १० आणि १०.१३७ मेगाहर्ट्झमधला फरक घेतला आणि दोन्ही १ पीपीएमने विरुद्ध दिशेला सरकले तर १३७ वर २० हर्ट्झची चूक येते, त्यामुळे मी तो मार्ग कोणालाच सुचवणार नाही.

साध्या मोर्सला तर चांगला एलसी व्हीएफओसुद्धा (कॉइल-कपॅसिटरचा, फिरवून बदलता येणारा ऑसिलेटर) पुरायचा. गणित बदललं ते क्यूआरएसएसने, म्हणजे अतिसंथ मोर्सने. वेव्हलेंथ २२०० मीटर, क्वार्टर वेव्ह ५५० मीटर, एवढा उंच मास्ट कोण उभारणार, म्हणून अँटेना नेहमीच तोकडी, आणि २००७ च्या जागतिक परिषदेत हा बँड सगळीकडे मिळाला तोही १ वॉट ईआयआरपीच्या (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या पॉवरच्या मापाच्या) मर्यादेत. पॉवर वाढत नाही तर बँडविड्थ कमी करा. मिनिटाला १२ शब्दांच्या मोर्समध्ये डॉट ०.१ सेकंदाचा, तो ६० सेकंदांचा केला की ६०० पट संथ, म्हणजे जवळपास २८ डीबीचा फायदा आणि तोही फुकट. फुकट म्हणजे ऑसिलेटर साथ देणार असेल तरच, कारण बँडविड्थ आता ०.०१७ हर्ट्झच्या आसपास आली आणि १३७ वर १ पीपीएम म्हणजे ०.१३७ हर्ट्झ, तेवढ्यात सिग्नल तेवढ्या रुंदीच्या आठ खिडक्या ओलांडून जातो. वाईट याचं वाटतं की इतक्या मेहनतीने उभारलेली अँटेना अशा वेळी वाया जाते.

पुढे डीडीएस चिप (आकड्यांवरून हवी ती फ्रिक्वेन्सी बनवणाऱ्या) आल्या आणि भागाकाराची कटकट संपली, पण १२५ मेगाहर्ट्झ क्लॉकवर ३२ बिटची एडी९८५० घेतली तर स्टेपच ०.०२९ हर्ट्झची, आणि मुळात डीडीएस किंवा सिंथेसायझर हा त्याच्या रेफरन्सइतकाच स्थिर, स्वतःची स्थिरता त्याला नाही. रेफरन्ससाठी पूर्वी काही जण ब्रिटनमधल्या ड्रॉइटविच केंद्राचा १९८ किलोहर्ट्झ कॅरियर किंवा डीसीएफ७७ (जर्मनीचा वेळेचा सिग्नल) धरायचे, आता जीपीएसडीओ, म्हणजे जीपीएसच्या वेळेला बांधलेला ऑसिलेटर, ते काम करतो.

आज निवडायचं तर आधी मोड ठरवा. डब्ल्यूएसपीआर या संथ डिजिटल मोडचे टोन १.४६ हर्ट्झ अंतरावर असतात, तिथे साधा क्रिस्टल नीट कॅलिब्रेट करून डब्यात बंद केला तरी भागतं. एफएसटी४डब्ल्यू या त्याहून संथ मोडच्या १८०० सेकंदवाल्या प्रकारात हेच अंतर ०.०८९ हर्ट्झ, म्हणजे १३७ वर जेमतेम ०.६५ पीपीएम, तेव्हा अर्ध्या तासात त्याच्या थोड्याच अंशाने सरकणारा टीसीएक्सओ (तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल ऑसिलेटर) हवा आणि तो फायनलच्या हीटसिंकपासून लांब ठेवायला हवा. एबनॉटसारख्या मोडमध्ये तर फेजच सांभाळायची असते, तासभरात पाव सायकलसुद्धा हलू द्यायची नाही म्हटलं तर दोन अब्जात एक भाग एवढी स्थिरता लागते, तिथे जीपीएसडीओ किंवा रुबिडियमचा (अणू घड्याळासारखा) ऑसिलेटरच घ्या. आणि काहीही घेतलं तरी ऑसिलेटर सतत चालू ठेवा, मोर्सची कळ ऑसिलेटरला न लावता बफरच्या (त्याला लोडपासून वेगळं ठेवणाऱ्या स्टेजच्या) पुढे लावा.