आणीबाणीचा जनरेटर जहाज का हाकू शकत नाही?

२६ मार्च २०२४. रात्री दीडच्या सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या 'डाली' या सुमारे ३०० मीटर लांब कंटेनर जहाजावरची वीज गेली. त्याचे मूळ पुढे तपासात एका सैल बसलेल्या वायरीपाशी सापडले. वीज एकदा आली, पुन्हा गेली आणि अवघ्या चार मिनिटांत जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले. पुलावर काम करणाऱ्या सहा कामगारांचा जीव गेला. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते.

मग आणीबाणीचा जनरेटर नव्हता का? होता. पण तो माणसे वाचवण्यासाठी असतो, जहाज चालवण्यासाठी नाही.

'सोलास' या समुद्रावरील जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार हा जनरेटर इंजिन रूममध्ये नसतोच. तो वर, मोकळ्या डेकवरून सहज पोहोचता येईल अशा जागी बसवतात. त्याची इंधनटाकी आणि स्विचबोर्डही वेगळे. खाली आग लागली, पाणी शिरले तरी तो चालू राहावा, जहाज साडेबावीस अंश कलले तरीही. दिवे, रेडिओ, आगीची सूचना देणारी यंत्रणा, आग विझवण्याचा एक पंप, सुकाणू एवढ्यांना तो वीज पुरवतो. मालवाहू जहाजावर यांतल्या बहुतेकांना १८ तास, प्रवासी जहाजावर ३६ तास.

मुख्य इंजिन या यादीत नाही. ते चालते तेलावर, पण त्याला वंगण आणि थंड पाणी पुरवणारे मोठे पंप विजेवर चालतात. ते थांबले की इंजिन जळू नये म्हणून आपोआप बंद पडते. इतक्या पंपांचा भार या छोट्या जनरेटरला झेपत नाही. सुकाणूला वीज मिळते, पण ते हळू वळते. शिवाय जहाजाला पुढे ढकलणारा पाण्याखालचा पंखा फिरत नसला की सुकाणूवर पाण्याचा जोरदार झोत येत नाही, त्यामुळे वळवूनही जहाज फारसे दाद देत नाही.

आणि वेळ! वीज गेल्यापासून ४५ सेकंदांत या जनरेटरने भार घ्यावा, म्हणजे वीज पुरवू लागावे, असा नियम आहे. भर समुद्रात ही मुदत पुरेशी आहे. मात्र ताशी आठ-नऊ सागरी मैलांनी जाणारे जहाज तेवढ्यात सुमारे २०० मीटर पुढे सरकते. अरुंद खाडीत, पुलाच्या तोंडावर, हे अंतर फार झाले. म्हणूनच अशा जागी सोबत टग, म्हणजे मोठी जहाजे ओढणारी-ढकलणारी छोटी दणकट बोट हवी, असे मला ठामपणे वाटते. जहाजाला बाहेरून धरून ठेवणारी ताकद तीच.

राहिली चाचणी. जनरेटर नुसता सुरू करून बंद केला तर त्याचे इंजिन फिरते एवढेच कळते. मुख्य वीज तोडल्यावर तो स्वतःहून सुरू होतो का, भार घेतो का, हे पाहिले तरच ती खरी चाचणी.