पोलादाची खरखर

शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्याही फाउंड्रीत शॉट ब्लास्टिंगमधून, म्हणजे पोलादी छर्‍यांच्या माऱ्यातून, नुकतंच निघालेलं कास्टिंग (ओतीव भाग) बघा. काळा पापुद्रा गेलेला, अंग राखाडी, बोट फिरवलं की पॉलिश पेपरसारखी खरखर. जमिनीत पुरायच्या पोलादी पाइपलाही गंजरोधक लेपाआधी अशीच खरखर लागते. फक्त तिथे गोल छर्‍यांपेक्षा कोनदार ग्रिट, म्हणजे धारदार कण, बरी. तिच्या माऱ्याने पडलेल्या खाचा टोकदार असतात आणि लेपातला इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) त्यांत शिरून घट्ट धरतो. खाचांची खोली ५० ते १०० मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढी. आणि त्या पाइपला मात्र बोट लावायचं नाही! घामातलं मीठ लेपाखाली राहिलं, की ते लेपातून पाणी ओढून घेतं आणि तिथे फोड येतो.

काळम्मावाडीहून कोल्हापूरला पाणी आणणारी थेट पाइपलाइन सुमारे ५३ किलोमीटरची. एवढ्या लांबीची कुठलीही लाइन आपल्या काळ्या रानातून गेली, की उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी माती दरवर्षी लेपाला धरून ओढते. पकड कच्ची असेल तर तो सुटतोच.

पुष्कळ ठिकाणी हा लेप तीन थरांचा असतो. पाइप २०० अंशांच्या आसपास तापवून त्यावर इपॉक्सीची पूड फवारतात, वर चिकट थर, शेवटी पॉलिथिन. पॉलिथिन स्वतःहून पोलादाला धरत नाही, म्हणून ही मधली सोय.

ओरखडा गेलाच तर आधार म्हणून पाइपला सौम्य वीजप्रवाह देतात. पण त्याने उघड्या पोलादापाशी अल्कली तयार होते आणि ती कडेकडेने लेप सोडवत जाते. सुटलेल्या पॉलिथिनखाली पाणी शिरतं, संरक्षक प्रवाह मात्र तिथे नीट पोचत नाही. वरून लेप धडधाकट, आत गंज.

मला खरी काळजी वाटते ती सांध्यांची. चरात दोन पाइप वेल्ड केले, की मधला उघडा पट्टा जागेवरच साफ करावा लागतो. तिथे घाईत वायर ब्रश मारला जातो. ब्रशने पोलाद चकाकतं, खाचा पडत नाहीत. राधानगरीकडच्या पहाटेच्या धुक्यात तर पाइप दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं दव होतं त्या तापमानापेक्षा, किमान ३ अंशांनी गरम हवा, नाहीतर न दिसणारा ओलावा लेपाखाली अडकतो. मग प्रायमर लावून श्रिंक स्लीव्ह, म्हणजे आतून चिकट थर असलेली, उष्णतेने आकसणारी प्लास्टिकची बाही, शेकून बसवतात.

स्लीव्ह गार झाल्यावर तिची एक पट्टी कापून ओढून बघतात. चिकट थर मधोमध फाटून निम्मा पाइपवरच राहिला, तर सांधा पक्का. पट्टी अलगद निघून खाली कोरं पोलाद दिसलं, तर पुन्हा ग्रिटपासून सुरुवात.