पेडल ठेक्याबरोबर की सुरामागून?

पेटीवर हात बसलेला माणूस पियानोकडे वळला की बोटं लवकर रुळतात, अडतो तो पाय. कोल्हापुरात पेटी शिकवणारे सहज भेटतील, पियानोचे शोधावे लागतात. त्यात संगीत नाटकातला ऑर्गन डोक्यात असेल तर आणखी घोळ. ऑर्गनवर पायानं भाता चालतो. पाय थांबला की सूर बंद. पियानोचं उजवं पेडल तारांवर टेकलेले फेल्टचे डॅम्पर उचलतं, म्हणून बोट काढलं तरी तार वाजत राहते. त्यामुळं खरी अडचण पेडल सोडण्याची असते.

ठेक्याबरोबर म्हणजे हात-पाय एकत्र खाली, एकत्र वर. हे न शिकवता येतं, म्हणूनच नको तिथंही घुसतं. वॉल्ट्झमध्ये, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाच्या चालीत, पहिल्या मात्रेचा खर्ज भरदार आणि पुढं मोकळं हवं असेल तर ते शोभतं. पण सलग कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर, जोडायला घ्या: पाय लवकर उचलला तर मध्ये खाच, उशीर झाला तर काला.

तिथं सुरामागून पेडल लागतं. पांढरी एकचा (पियानोवरचा C) सा धरून सा-ग-प वाजवा, पेडल दाबून ठेवा. आता म-ध-वरचा सा. पट्ट्या खाली पोचतात त्याच क्षणी पाय वर, आणि बोटं न उचलता पाय पुन्हा खाली. जुने ग आणि प तेवढ्यात विझतात. नवी कॉर्ड बोटांनी धरलेली, म्हणून खंड पडत नाही. पाय उचलायचा राहिला तर ग-म आणि प-ध एकमेकांना घासतात. गुरुजी नसताना हे घासणंच ऐकायला शिकायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करून.

सराव साधा. एकला नवी कॉर्ड आणि पाय वर, दोनला पाय खाली, तीन-चार नुसतं थांबा. जमलं की पाय ‘दोन’वरून ‘दीड’वर आणा, मग आणखी जवळ. टाच जमिनीवरच.

खर्जात काला लवकर होतो, तिथं पेडल वरचेवर बदला. अगदी वरच्या साधारण दीड सप्तकाला खऱ्या पियानोत डॅम्परच नसतात. सरगमच्या ताना तर पेडलशिवायच बऱ्या.

आणि पेडलवर पाय ठेवून कीबोर्ड सुरू केला, तर बऱ्याच मॉडेलांत पेडल उलटं चालतं: दाबलं की सूर तुटतो. बंद करा, पाय बाजूला घ्या, पुन्हा सुरू करा.