मत्स्यालयाची पार्श्वभूमी : रंगाची निवड

घरगुती मत्स्यालयाची मागची काच झाकण्यासाठी लावलेला कागद, प्लॅस्टिकचे पोस्टर किंवा काचेला बाहेरून दिलेला रंग म्हणजे त्या टाकीची पार्श्वभूमी. भिंत, वायरी आणि फिल्टरच्या नळ्या झाकणे हा तिचा उघड उपयोग. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या दुकानांत असे पोस्टर गुंडाळीतून हवे तेवढे कापून मिळते. ते अनेकदा दुहेरी असते : एका बाजूला सपाट निळा किंवा काळा रंग, दुसरीकडे प्रवाळ नाहीतर पाणवनस्पतींचे छापील चित्र. नवखा माणूस हमखास चित्राची बाजू लावतो. गोड्या पाण्यातल्या गप्पींच्या मागे समुद्रातले प्रवाळ विजोड दिसतेच, शिवाय चित्र भडक असले की मासे त्यात हरवतात.

सपाट रंगांत काळा सर्वाधिक वापरला जातो. निऑन टेट्राचा निळा पट्टा आणि पाणवनस्पतींची हिरवाई त्यावर उठून दिसते, काळा हीटर आणि नळ्या नजरेआड होतात. ब्लॅक मोली पाळणाऱ्याला मात्र तो कामाचा नाही. निळ्याने पाणी खोल असल्याचा भास होतो, म्हणून खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत तो रुळला. पांढऱ्या, अर्धपारदर्शक पार्श्वभूमीला प्रतिष्ठा मिळाली ती जपानी मत्स्यालयरचनाकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्या शैलीतल्या टाक्यांमुळे. मागून प्रकाश दिला की दगड-वनस्पतींची रचना मोकळ्या आभाळासमोर असल्यासारखी भासते. पण ही शोभा रचनेची. मासे तिथे फिके पडू शकतात.

फिके पडतात ते केवळ आपल्या नजरेला नव्हे. अनेक जातींच्या माशांच्या त्वचेत मेलानिनचे कण असलेल्या फांद्याफांद्यांच्या पेशी असतात. कण पेशीभर पसरले की मासा गडद होतो, मध्यभागी गोळा झाले की उजळतो. वरून येणारा प्रकाश आणि तळावरून परावर्तित होणारा प्रकाश यांची तुलना डोळा करतो आणि त्यानुसार मेंदू, मज्जातंतू व हॉर्मोने हे कण हलवतात. कण गोळा करणारे एक हॉर्मोन १९८३ मध्ये जपानी संशोधकांनी चम सामन माशाच्या मेंदूलगतच्या पोष (पिट्युटरी) ग्रंथीतून वेगळे केले. हा बदल मिनिटा-तासांत होतो. त्याच पार्श्वभूमीवर आठवडेच्या आठवडे गेले तर पेशींची संख्याही बदलते. म्हणून तळाचा रंग मागच्या काचेइतकाच, किंबहुना जास्त महत्त्वाचा. मागे काळे पोस्टर आणि खाली पांढरी वाळू टाकून ‘माशांना रंग येत नाही’ म्हणणाऱ्याने आधी वाळू बदलावी.

याला ठळक अपवाद थायलंडमध्ये निपजलेल्या पिजन ब्लड डिस्कस या माशाचा. गडद परिसरात त्याच्या केशरी अंगावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके उमटतात. शौकीन त्याला पेपरिंग म्हणतात. हे डिस्कस पाळणारे फिकी निळी किंवा पांढरी पार्श्वभूमी घेतात आणि तळ मोकळा ठेवतात. सोनेरी आशियाई अरोवाना मासेही याच कारणासाठी पांढऱ्या टाकीत वाढवतात.

पोस्टर लावण्यातही मेख आहे. चार कोपऱ्यांना चिकटपट्टी मारून भागवले की काच आणि पोस्टर यांच्यात हवेचा पातळ थर राहतो. मग टाकीकडे बाजूच्या काचेतून पाहिले तर मागची काच आरशासारखी चमकते, कारण पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत जाऊ पाहणारा तिरपा प्रकाश पूर्ण परावर्तित होतो. फटीत झिरपलेले पाणी वाळल्यावर क्षारांचे पांढरे डागही पडतात, आणि काळ्यावर ते लगेच दिसतात. यावर जुना तोडगा असा : कोरड्या काचेला बाहेरून ग्लिसरीन किंवा खाद्यतेलाचा पातळ हात फिरवायचा, पोस्टर टेकवायचे आणि जुन्या एटीएम कार्डाने मधोमध सुरुवात करून बुडबुडे कडेला ढकलत न्यायचे. हवेचा थर गेला की आरसा नाहीसा होतो आणि काळा खरोखर काळा दिसतो. कायमचा रंग हवा असेल तर अ‍ॅक्रिलिकचे दोन-तीन पातळ हात बाहेरून देतात, तेही टाकी रिकामी असताना. एकदा भिंतीला लावून भरलेल्या टाकीच्या मागे हात जात नाही.